शुक्रवारी लूम बंद असतात

भिवंडी
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

राकेशदादा,

जय भीम. आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझा फोन बंदच लागतो. पडघ्याच्या ढाब्यावर तुझा ट्रक चहाला थांबतो, म्हणून ही चिठ्ठी तिथल्या गल्ल्यावर ठेवतोय.

मी गोव्याहून परत आलोय. काल्हेरला गोदामात लागलोय, टिकलो तर. तिथला मुकादम मला ‘टुरिस्ट’ म्हणतो. येतो नि निघून जातो म्हणून, पण ते राहू दे.

तुझी पोर, धम्मदिना, तुझी वाट बघते. जेवते थोडंफार. म्हणजे, नाही जेवत. मांडीतली गाठ आता छातीत गेलीय. सुचेता सिस्टर फिरत्या दवाखान्याची गाडी घेऊन घरी यायच्या, दुखण्याचं औषध द्यायच्या, तिच्याशी पत्ते खेळून मुद्दाम हरायच्या. ती गाडी बंद झाली. सरकारी अनुदान आलंच नाही म्हणे.

एरवी लूमच्या खडखडाटात तिचं रडणं गल्लीत कळत नाही. शुक्रवारी लूम बंद. गेल्या शुक्रवारी शेजारच्या गुणाबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. रागानं नाही रे, त्यांना ऐकवेना.

काल तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “आता बरं करण्यासारखं काही उरलं नाही. घरी न्या.”

वनितावहिनी म्हणाली, “मग दुखायचं तरी थांबवा. ॲडमिट करा, कार्ड हाय आमचं.”

तर ते सरकारी इलाजाचं कार्ड ऑपरेशनला चालतं. नुसतं दुखू नये म्हणून चालत नाही.

दादा, वहिनीनं त्यांचे पाय धरले. “मग पाय कापा तिचा! कापलात तर खाट मिळंल ना? सुई मिळंल ना?”

पोर माझ्या खांद्यावर होती. मला वाटलं झोपलीय. रिक्षा धामणकर नाक्यावर अडकली तेव्हा कानात म्हणते, “काका, पाय दिला तर शुक्रवारी पण सुई देतील? देऊ या ना. मला कुठं चालायचंय?”

मी म्हटलं, पप्पा येतायत, ते ठरवतील.

तुला बघवत नाही म्हणून तू गेलास, हे मला कळतं. मी पण परवा बॅग घेऊन स्टँडवर गेलो होतो. बसमध्ये बसलो, उतरलो. या शुक्रवारी उतरेन की नाही, माझा मलाच भरवसा नाही.

गुरुवारी ये. औषध आणू शकणार नाहीस, माहीत आहे. पण तिला धरायला दोघं लागतात, आणि वहिनीला धरायला कुणीतरी.

अजून इथंच असलेला,
विकी