कुलूपवाल्याच्या आईचा तीळ

दि. ४ सप्टेंबर

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धड आहेत. फोनवर बोलायला गेले की मी तापते, तू काही विचारायच्या आत बरं बरं म्हणून ठेवून देते आणि मग दिवसभर स्वतःलाच बोलत बसते. म्हणून कागद घेतला. चौथीतून शाळा सुटली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, तेव्हा अक्षराला हसायचं असेल तर एकदाच हसून घे आणि पुढं वाच. आमच्या ध्यानाला हे पत्र दाखवू नकोस. तो लगेच आईची काळजी घ्यायला येईल, आणि त्याच्या काळजीचंच मला सगळ्यात जास्त काम पडतं.

झालं असं. स्टुडिओत एक म्हातारे गृहस्थ आले होते, कुलुपं दुरुस्त करणारे. त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो, पाणी पडून डागाळलेला, वर बुरशी. जुने फोटो नीट करायचं काम मालक माझ्याकडेच देतात हे तुला माहीत आहे. पूर्वी ब्रश आणि पेन्सिल होती, आता कॉम्प्युटर आहे, एवढाच फरक. दोन दिवस बसून मी सगळे ठिपके पुसले, फोटो लख्ख केला. ते न्यायला आले, चष्मा पुसून पुसून बघितलं आणि म्हणाले, काम फार सुंदर झालंय, पण ह्या बाई कोण? त्यांच्या आईच्या खालच्या ओठाखाली तीळ होता. मी तो धूळ समजून पुसला. भांडले असते तर मीही भांडून घेतलं असतं. ते भांडले नाहीत. फोटो टेबलावर ठेवला, मालकांना नमस्कार केला आणि गेले.

मोठं करून बघायला काय झालं होतं, असं तू विचारशील. मोठं केलं की चेहरा जातो. नुसते चौकोन दिसतात, आपण नाकावर आहोत की कानावर तेही कळत नाही. लहान केलं की चेहरा परत येतो, पण तीळ आणि धूळ सारखेच दिसतात. इतकी वर्षं असं मोठं-लहान करतच भागवलं.

मालक म्हणतात, जास्त बारीक दाखवणारा नवा मॉनिटर घेऊ, घेण्यासारखा आहे की नाही ते तुम्ही सांगा. मी काय सांगणार, कपाळ? मी त्यांना सांगून टाकलंय की ह्या महिन्याच्या अखेरीला काम सोडते. दुसऱ्याची आई पुसून टाकणाऱ्या बाईला कोण ठेवेल आणि का ठेवावं?

तू नकाशाच्या ऑफिसात दिवसभर तसल्याच मॉनिटरसमोर बसतेस. खरं काय ते लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी सासू


दि. ९ सप्टेंबर

ती. आईंस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. अक्षराला हसले नाही. काळजीच्या वाक्याला मात्र इतकी हसले की तुमचे चिरंजीव काय झालं म्हणून विचारायला आले. ऑफिसातली गंमत आठवली असं सांगितलं. तुमच्यापायी नवऱ्याशी खोटं बोलले, लक्षात असू द्या.

आता खरं लिहिते. असा मॉनिटर सगळ्यांना लागतो असं मुळीच नाही. आमच्याकडे पत्रं टाईप करणाऱ्या बाईंनी हट्टानं घेतला, आणि अक्षरं बारीक झाली म्हणून महिनाभर स्क्रीनला नाक लावून बसल्या. पण नकाशात फरक पडतो. जुन्या मॉनिटरवर अख्खं गाव बघायला गेलं की पायवाट आणि कुंपण मिळून एकच रेघ व्हायची. मोठं केलं की पायवाट वेगळी दिसायची, पण ती कुठून कुठं चाललीय ते विसरायला व्हायचं. तुमच्या चेहऱ्याचं दुखणं तेच आहे. नव्यावर तेवढ्याच जागेत चौपट ठिपके असतात, म्हणून गाव आणि पायवाट एकदम दिसतात. मला हे कळायला सहा महिने लागले. तुम्ही ते अर्ध्या पानात लिहून पाठवलंत.

तरी लगेच विकत घेऊ नका. दुकानदाराकडून आठ-दहा दिवस वापरायला मागा. तोच फोटो जुन्यावर उघडा, मग नव्यावर उघडा, हातभर अंतरावरून बघा. चेहरा पुरा दिसत असताना ठिपका ओळखू आला तर घ्या, नाहीतर दिल्या घरी परत. आणि रागावू नका, पण आधी डोळे तपासून घ्या. चष्मा जुना झाला असेल तर कुठलाच मॉनिटर उपयोगाचा नाही.

काम सोडायचं ते मला पटलं नाही. लग्नाआधी मी पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी घाबरून कोपऱ्यात बसले होते. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. स्टुडिओत नेलंत आणि एका फाटक्या फोटोतला कान कसा जुळवतात ते दाखवलंत. त्या एका कानामुळे मी तुमच्या घरात आले असं मी मैत्रिणींना सांगते. तेव्हा सोडायच्या आधी आम्हाला विचारा.

माया आहे तशी राहू द्यावी, ही विनंती.

आपली सून


दि. १५ सप्टेंबर

चि. सौ. सूनबाईस, आशीर्वाद, पण आज जरा तापलेले.

डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, नंबर जरासुद्धा वाढलेला नाही, ह्या वयाला असे डोळे म्हणजे चैन आहे. ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, मेले डोळे धड आहेत, मग तीळ पुसला तो कुणी?

मॉनिटर आला. मालकांनी स्वतः लावला, घाम पुसत पुसत. खिडकीएवढा आहे. आणि दिसतं काय? सगळं पाण्यात बुडवून काढल्यासारखं. जुन्यावर दिसायचं तेवढंच, वर आणखी धुकं. मालक म्हणाले, सवय होईल. मी म्हटलं, सवय नवऱ्याची करून घेतली तेवढी पुरे, मॉनिटरची करायची नाही. पंचवीस तारखेला दुकानदार येऊन घेऊन जाणार आहे.

आणि एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. परत जाणार म्हटल्यावर मला हायसं वाटलं. जुना आहे तोवर दोष त्याच्या माथी मारता येतो. नवा चांगला निघाला आणि तरी मी चुकले, तर मग दोष कुणाचा? तेवढं मला सोसायचं नाही. त्यापेक्षा सोडलेलं बरं.

तुझ्या त्या कानाच्या गोष्टीबद्दल काही लिहीत नाही. वाचली एवढंच.

तुझी सासू


दि. १९ सप्टेंबर

ती. आईंस, घाईतला नमस्कार.

परत देऊ नका! मॉनिटरला जुनीच वायर लावलेली दिसते. तिच्यातून तेवढे ठिपके जातच नाहीत. कॉम्प्युटर आपले जुन्याएवढेच पाठवतोय आणि नवा ते ताणून ताणून बसवतोय, धुकं त्याचं आहे. खोक्यात नवी वायर असणार, मालकांना शोधायला सांगा. ती लावली की स्क्रीनच्या सेटिंगमध्ये सगळ्यात मोठा आकडा निवडायचा. मग अक्षरं मुंगीएवढी होतील. घाबरू नका, तिथंच खाली अक्षरं मोठी करायची सोय आहे. फोटो बारीकच राहतो.

दोष कुणाचा म्हणता. मी एकदा नकाशातून एक विहीर पुसली. मॉनिटर नवा होता, डोळे पंचविशीतले होते. मला तो शाईचा ठिपका वाटला. त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका बाईंनी ऑफिसला पत्र लिहिलं, तेव्हा कळलं. तीन दिवस डबा गोड लागला नाही. तेव्हापासून मी कुठलाही ठिपका पुसायच्या आधी त्या वाटेनं चाललेल्या माणसाला विचारते. मॉनिटर फक्त ठिपका दाखवतो, आई. तो कशाचा ते सांगणारं माणूस वेगळं असतं.

हे पंचवीसच्या आत पोचावं म्हणून जलद टपालानं पाठवतेय.

आपली सून


दि. २८ सप्टेंबर

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आ., आणि त्यावर आणखी चार.

वायर खोक्यात होती. थर्माकोलच्या खाली, पिशवीत, गाठ न सोडलेली. मालकांचं म्हणणं असं की जुनी चालत असताना नवी कशाला उघडायची. ह्या माणसाच्या घरात नव्या चादरी कपाटातच विरल्या असतील.

वायर लावली, आकडा बदलला, मूळचा न पुसलेला फोटो उघडला, आणि मी खुर्चीतच मागं सरकले. कुलूपवाल्यांची आई समोर येऊन बसल्यासारखी. अख्खा चेहरा, आणि ओठाखाली तीळ. आता सांगते तुला, धूळ कागदावर बसलेली असते, तिची कड तुटक असते. तीळ कातडीतला असतो, त्याची कड मऊ असते. इतकी वर्षं हे हातानं ठाऊक होतं, डोळ्यांनी परवा बघितलं. पण भुवईपाशी आणखी दोन ठिपके होते, ते काही केल्या कळेनात. डोळे चांगले, मॉनिटर चांगला, तरी कळेनात. एरवी पुसून मोकळी झाले असते. तुझी विहीर आठवली.

मग काय, चप्पल घातली आणि त्यांच्या दुकानात गेले. जिन्याखाली बसतात, भोवती किल्ल्यांचे घोस. मी चुकले, असं म्हटलं. एवढंच म्हणायला मला जिन्यापाशी दोन फेऱ्या माराव्या लागल्या. ते उठले, दुकानाला त्यांचंच कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर आले. शेजारी खुर्ची घेऊन बसले. मी ठिपक्यावर बाण न्यायचा, त्यांनी हो की नाही सांगायचं. बुरशी, बुरशी, घडी, बुरशी. भुवईपाशी म्हणाले, एक बुरशी आहे, दुसरा राहू द्या, मी लहानपणी रागानं किल्ली फेकली होती ती तिथं लागली, खूण गेली नाही. सांगताना हसत होते आणि डोळे पुसत होते. संध्याकाळी फोटो छातीशी धरून गेले. जाताना मला म्हणाले, पोरी, हात चांगला आहे. मला पोरी म्हणाले! मालक ऐकत होते. म्हणून बरं, नाहीतर कुणाला खरं वाटलं नसतं.

तर मॉनिटर ठेवून घेतला. घेण्यासारखा आहे, असं मी मालकांना सांगितलं. आणि काम सोडत नाही हेही सांगितलं. आता नियम केलाय. फोटो ज्यांचा त्यांनी शेजारी बसायचं, त्याशिवाय मी एक ठिपका पुसणार नाही. कुणाला घाई असेल तर दुसरीकडे जा.

आभार मानायची मला सवय नाही. मानते. तू नसतीस तर मी आज घरात बसून भिंतीशी भांडत असते. आमच्या ध्यानानं आयुष्यात एकच काम नीट केलं, तुला घरी आणलं. त्याला सांगू नकोस, चढेल.

माया कमी पडली तर कळव, इथं शिल्लक आहे.

तुझी सासू


दि. ६ ऑक्टोबर

ती. आईंस, सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. शेवटचा भाग तुमच्या चिरंजीवांना वाचून दाखवला, माफ करा. चढलं आहे.

सोबत पुठ्ठ्यात घालून एक फोटो रजिस्टरनं पाठवतेय. माझ्या आईचा. मी पाच वर्षांची असताना ती गेली हे तुम्हाला माहीतच आहे. हा फोटो माझ्याकडे आहे हे मात्र मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. तिचा एवढाच आहे. एका बाजूनं फाटलाय, रंग उडालाय, खांद्यावर कसले तरी डाग पडलेत. स्टुडिओ तुमच्याच हाताशी असूनही मी कधी दिला नाही. वाटायचं, नीट करता करता ती दुसरीच कुणी झाली तर? मला तर तिचा चेहरा आठवत नाही. चूक झाली तरी मला कळणार नाही.

तुम्ही कुलूपवाल्यांच्या दुकानात गेलात ते वाचलं आणि फोटो कपाटातून काढला. आता तुमच्या हातात आहे. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

आपली सून


दि. १४ ऑक्टोबर

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आ.

फोटो नीट पोचला. पुठ्ठा मीच उघडला, मालकांना हात लावू दिला नाही. मॉनिटरवर घेतला आणि दिवसभर दुसरं काम केलं नाही. अजून एक ठिपकासुद्धा पुसलेला नाही. योग्य वाटेल ते करा म्हणतेस, ते जमायचं नाही. नियम तो नियम, तू माझी सून असलीस तरी.

आता बस कुठं तरी आणि मग वाच. ध्यानाला जवळ बोलाव.

तू खांद्यावरचे डाग म्हणतेस ना, मीही आधी डागच म्हणाले. चहाचे असतील, असं वाटलं. जुना मॉनिटर असता तर पहिल्या पाच मिनिटांत पुसले असते, आणि तुला खांदा कोरा करून पाठवला असता, आणि तू माझे उपकार मानले असतेस. ते डाग नाहीत. ती बोटं आहेत. लहान मुलाची, चार, मी मोजली. दोन बोटांची नखंसुद्धा दिसतात. बाकीचं मूल फाटून गेलेल्या तुकड्याबरोबर गेलं. मागं कशावर तरी उभं राहून त्यानं आईचा खांदा धरलाय. तुझ्या आईला तुझ्याशिवाय दुसरं मूल नव्हतं.

ह्या फोटोत ती एकटी नाही. इतकी वर्षं तू तिच्याबरोबर होतीस आणि दोघींना कपाटात ठेवून दिलं होतंस.

रजा टाक आणि ये. खुर्ची शेजारी लावते. चेहऱ्यावर बरंच काही आहे, त्यातलं काय पुसायचं आणि काय ठेवायचं ते बसून ठरवू. तुला आठवणार नाही म्हणतेस, तर ज्याची खात्री नाही ते सगळं ठेवू. घाई नाही.

बोटांचं मात्र ठरलंय. इतकं घट्ट धरलंयस की खांद्यावरच्या कापडाला चुण्या पडल्यात.

वाट बघते.

तुझी सासू