अळणी नव्हे, सौम्य

ताम्बोरिल,
१६ जानेवारी १९९४

ती. फिदेन्सियोमामांस,
नेरेईदाचा सा. न. वि. वि.

मामा, आधी आशीर्वाद द्या, मग रागवा. पत्र बसवाल्या तिलोबरोबर पाठवते आहे. टपालाने तुमच्या पुएर्तो प्लाताला पोचेपर्यंत ईस्टर उजाडेल.

आईने सिगारच्या कारखान्यातला बाक सोडला. तिचे हात थरथरतात हे झुनिल्दामामीकडून कळलं असेलच. त्या दिवशी सिगारवर वरचं पान चढवताना ते फाटलं, दुसरं घेतलं, तेही फाटलं. तिने सुरी पुसून खिशात घातली आणि घरी येऊन केळी उकडायला ठेवली. तिच्या जागेवर आता मी बसते.

जोडीला चागो आहे. तो आतल्या पानांचा गाभा बांधतो, मी त्यावर पान चढवते. मामा, त्याचा गाभा बघाल तर कपाळाला हात लावाल! पानं एकावर एक ठेवतो, वहीसारखी घडी घालतो आणि साच्यात कोंबतो. हात भराभर चालतो एवढंच त्याचं कौतुक. कडक सिगारीत हे खपून जातं, तिथे जहालपणाच इतका की बाकी कशाचा पत्ता लागत नाही. पण तुम्ही आणि आई जोडीने करायचात ती सौम्य सिगार, 'सकाळची'? ती बिचारी काही लपवू शकत नाही. एका बाजूने जळत जाते आणि तोंडात वाळलं गवत.

शुक्रवारी मालकीणबाई दोन्या कासिल्दांनी भर दालनात सांगितलं, की 'सकाळची' गिऱ्हाइकांकडून परत यायला लागली आहे. म्हणाल्या, ईस्टरच्या आधी एकदा ओढून बघेन, नाही पटली तर कायमची बंद, हल्ली लोकांना कडकच लागते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, माझ्या हातांबरोबर तीही गेली. मला ते ऐकवेना.

मला गाभा बांधायला शिकवा. मला ती सिगार बुडू द्यायची नाही, आणि ती गाभ्याच्या, तुमच्या जुन्या जागेवर बसूनच वाचवता येईल. बाईने गाभा बांधायचा नसतो हे मला माहीत आहे, ते सोडून दुसरं काहीतरी लिहा.

लोभ असू द्यावा, आणि या खेपेला जरा जास्तच असू द्यावा.

आपली भाची,
नेरेईदा


पुएर्तो प्लाता,
२४ जानेवारी

चि. नेरेईदा हिस फिदेन्सियोचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तरी तेच लिहिलेलं होतं.

नाही. गाभ्याला मनगट लागतं आणि वरच्या पानाला बोटं. देवाने पुरुषांना मनगट दिलं, बायकांना बोटं दिली, म्हणून जोडी असते. तुझ्या आईने वीस वर्षांत एकदाही माझ्या पानांना हात लावला नाही, मी तिच्या पानांना लावला नाही. त्या दालनाचं म्हणशील तर, कासिल्दाने मला घडीचा गाभा बांधायला सांगितला तेव्हाच मी सगळ्यांदेखत शपथ घेऊन निघालो. ती माझ्या दारात येऊन बोलावेल तेव्हाच तिथे पाऊल ठेवीन. सहा वर्षं झाली, दार उघडंच आहे. कोंबड्या येतात, कासिल्दा येत नाही.

तेव्हा हा नाद सोड. आईची, ओविदियाची काळजी घे. तिला म्हणावं, गार पाण्यात हात घालू नकोस.

एवढं मात्र त्या गाढवाला सांग, की सौम्य म्हणजे अळणी नव्हे. झाडाच्या शेंड्याची पानं जहाल, मधली सुवासाची, बुडाकडची नुसती पेट धरणारी. 'सकाळची' आहे म्हणून शहाण्याने शेंड्याचं पान साफ काढून टाकलं असणार. पैज लावतो! अरे, मीठ कमी घालायला सांगितलं म्हणून कोणी बिनमिठाची घेवडी रांधतं का? शेंड्याचा बोटभर तुकडा हवाच, आणि तो मधोमध हवा. कडेला गेला की सिगार वाकडी जळते. बाकीचं प्रत्येक पान वेगळं गुंडाळायचं, बारीक नळीसारखं, म्हणजे धुराला वाट मिळते. हे त्याला सांग. तुला नाही.

आमचा लोभ तुझ्यावर आहेच, तुझाही असू दे.

मामा


ताम्बोरिल,
१३ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

पैज जिंकलात. चागोने शेंड्याचं पान काढूनच टाकलं होतं. त्याला तुमचा निरोप दिला नाही. तुम्ही नको म्हणालात, पण लिहिलंत मात्र सगळं, आणि पत्रावर नाव माझं होतं.

काम सुटल्यावर घरच्या टेबलावर बांधते. आई समोर बसते. बोलत नाही, हनुवटीने सांगते. हनुवटी वर म्हणजे सैल, खाली म्हणजे घट्ट. माझं सगळंच घट्ट होतं, म्हणून तिची हनुवटी छातीला टेकलेलीच असते.

दालनात बातमी फुटली. सोमवारी बघते तर माझ्या बाकावर तंबाखूच्या शिरांची मिशी करून ठेवलेली. बायकाच जास्त हसल्या. मी मिशी ओठांवर चिकटवली आणि दुपारपर्यंत तशीच काम करत बसले. मग हसू थांबलं. घरी आल्यावर मात्र रडले, तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

सोबत तीन सिगारी. गाभा माझा, पानही मीच चढवलं. ओढून बघा आणि खरं लिहा.

आपली,
नेरेईदा


पुएर्तो प्लाता,
२० फेब्रुवारी

चि. नेरेईदास अनेक आशीर्वाद.

खरं लिही म्हणतेस, तर ऐक. पहिली ओढता ओढता माझे दोन्ही गाल आत एकमेकांना भेटले, धूर काही आला नाही. दुसरी पेटली, पण कलत्या होडीसारखी एका अंगाला. तिसरीची सुरुवातच अशी कडवट, की मी समुद्रात भिरकावली.

पहिलीचा दोष बोटांत. तू पानांना धाक दाखवतेस. पान तुझ्या मुठीत राहायला हवं, मुठीला घाबरायला नको. दुसरीचं आधीच लिहिलं आहे, शेंड्याचा तुकडा मधोमध. तिसरीचं कारण शोधायला मला अख्खी दुपार लागली. पोरी, तू पानं उलटी धरलीस! पानाचं टोक गोड असतं, देठाकडची बाजू उग्र. टोकं पेटवायच्या बाजूला ठेवायची, म्हणजे माणसाच्या ओठी आधी गोडवा येतो आणि चव हळूहळू चढते. तू पाहुण्याला दारातच शिव्या घातल्यास.

तरी पान सुरेख चढवलं आहेस. एक शीर दिसत नाही. आईवर गेलीस.

मामा

ता. क. नेरेईदा, मी झुनिल्दामामी. समुद्रात काही भिरकावलेलं नाही. तिन्ही नखाला चटका बसेपर्यंत ओढल्या, आणि रविवारी तिलोची बस येते तेव्हा हा माणूस डोमिनोचा डाव अर्धा टाकून धावतो. आणखी पाठव.


ताम्बोरिल,
१३ मार्च

ती. मामांस व ती. मामींस सा. न. वि. वि.

जमतंय! मामा, जमतंय!

टोकं फिरवली. शेंड्याचा तुकडा अंगठ्याखाली धरून आधी तोच ठेवते, मग त्याच्याभोवती बाकीच्या नळ्या. बोटांना आता आपोआप कळतं, कुठे पोकळ राहिलं आणि कुठे गाठ झाली.

काल सकाळी आईच्या कॉफीशेजारी एक ठेवली. पेटवली तिने. मी पाठ करून उगाच भांडी घासत राहिले. वास माझ्यापर्यंत आला. आधी दुधाच्या कॉफीत बुडवलेल्या पावासारखा, मग भाजलेल्या काजूसारखा, आणि शेवटी शेवटी जिभेच्या कडेला किंचित चरचर. राख बोटभर झाली तरी पडेना. आईने अर्धी ओढली, विझू दिली, आणि दुसरी कॉफी मागितली. डॉक्टरांनी दुसरी कॉफी बंद केली आहे, तरी मी दिली.

ईस्टरच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी, २८ तारखेला, दोन्या कासिल्दा ओढून बघणार आहेत. चागोची आणि माझी, दोन्ही. मामा, तुम्ही या. नुसते माझ्यामागे उभे राहा. शपथ मोडल्याचं पाप मला लागू दे, पाद्रीबाबांना मी सांगेन. झुनिल्दामामींनाही आणा, ईस्टरची दुधातली गोड घेवडी या वेळी मी करणार आहे. सोबत दोन सिगारी.

लोभ आहे हे आता लेखी मिळालं आहे, तो असाच राहावा.

नेरेईदा


पुएर्तो प्लाता,
२० मार्च

चि. नेरेईदास अनेक आशीर्वाद.

मी येणार नाही. हे शपथेमुळे नाही, नीट ऐक.

मी तुझ्यामागे उभा राहिलो तर लोक म्हणतील, फिदेन्सियोने बांधली. मी बाहेर बसमध्ये बसून राहिलो तरी तेच म्हणतील. कासिल्दाही म्हणेल. मग तू जिंकूनही तुझ्या हातात काही यायचं नाही. तेव्हा एकटी जा. हात धुऊन जा, केसांना सुवासाचं तेल लावू नकोस, पानाला वास लागतो. मिशी लावून गेलीस तरी माझी हरकत नाही.

या वेळच्या दोन सिगारींबद्दल मी काही लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. माझ्याकडून यापेक्षा जास्त कौतुकाची आशा ठेवू नकोस.

मामा


ताम्बोरिल,
३१ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. 'सकाळची' राहिली.

दोन्या कासिल्दांनी चागोची चार झुरक्यांत खाली ठेवली. माझी ओढत खिडकीपाशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. सगळं दालन हात थांबवून बघत होतं. संपत आली तेव्हा त्यांनी विचारलं, गाभा कोणाचा. मी म्हटलं, माझा. त्या म्हणाल्या, छान, आता चागोला शिकव आणि तू पान चढवायला बस, जोडी आहे तशीच राहील.

मामा, माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या! मी म्हटलं, मी शाळा काढलेली नाही. गाभा बांधीन तर त्या जागेवर बसून बांधीन, नाहीतर सुरी खिशात घालून आईसारखी घरी जाईन, आणि माझ्याबरोबर 'सकाळची'पण जाईल. त्यांनी उरलेलं थोटूक विझवलं. मग म्हणाल्या, बस. पण कारखान्याची रीत जोडीची आहे. तुझ्या गाभ्यावर पान चढवायला जोडीदार आण. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, ११ तारखेला, जोडी बसलेली दिसली नाही तर जागा चागोची.

आता वाईट. एकही बाई तयार नाही. रोसाउरा म्हणते, नवरा हसेल. तिची बहीण म्हणते, बाईच्या गाभ्यावर पान चढवलं तर उद्या कोणी पुरुष तिच्याशी जोडी करणार नाही. बाकीच्या नुसत्याच खाली बघतात. आईने काल माझ्या नकळत एक पान चढवून पाहिलं. त्या पानाच्या चिंध्या मला केराच्या डब्यात सापडल्या.

इतकं सगळं करून मी अडले ती एका जोडीदारावर. पण मी जागा सोडणार नाही. अकराला एकटी जाऊन बसेन, उठवतील तेव्हा उठेन. तुम्हाला कळवायचं म्हणून कळवलं, उपाय मागत नाही.

आपली,
नेरेईदा


पुएर्तो प्लाता,
३ एप्रिल, ईस्टर

चि. नेरेईदा हिस अनेक आशीर्वाद.

एकटी बसणार म्हणे! आणि ओविदियाला बजाव, कोणाच्या नकळत काही करायचं तिचं वय राहिलं नाही.

आता माझं ऐक. तुझी दुसरी पुडी आली तेव्हापासून मी या घरात पान चढवायला शिकतो आहे. का म्हणून विचारू नकोस, मलाही तेव्हा माहीत नव्हतं. तुझ्या मामीची कणीक मळायची फळी मी घेतली आहे आणि ती रोज त्यावरून बोलते. वीस वर्षं तुझ्या आईच्या शेजारी बसलो आणि मला वाटत होतं, ती नुसतं गुंडाळते. देवा! पान ताणायचं, पण फाटू द्यायचं नाही. मधली शीर काढून पानाचे दोन भाग केले, की डाव्या अंगाचं पान एकीकडून गुंडाळत घ्यायचं, उजव्या अंगाचं दुसरीकडून. उजवं आता ऐकतं, डावं अजून रुसतं. मनगट, बोटं वगैरे मी तुला जे जानेवारीत लिहिलं होतं, ते पत्र चुलीत घाल.

कासिल्दाने जोडीदार आण म्हटलं ना? बाईच हवी असं म्हटलेलं तुझ्या पत्रात नाही. मी ते पुन्हा वाचून खात्री केली.

शनिवारी तिलोच्या बसने निघतो. रविवारी ओविदियासमोर बसून डावं पान शिकून घेईन, तिची हनुवटी मला कळते. सोमवारी सकाळी दालनात येतो, न बोलावता, आणि बायकांच्या रांगेत ओविदियाच्या जागेवर बसतो. सगळं ताम्बोरिल हसायला जमेल. चागो तर तिकीट लावेल. हसू देत. तू मान वर करू नकोस, गाभा बांधत राहा.

फळीवाचून पोरकी झालेली मामी आशीर्वाद सांगते. भेटीपर्यंत लोभ सांभाळ, नंतर आम्ही आहोतच.

तुझा जोडीदार,
फिदेन्सियो