स्केल्डेलची झोपलेली पदवी

हेक्सम, ऑक्टोबर १९३४

प्रिय रोझमंड,

तुझी जॅमची बरणी पोचली. वर 'एकटीनेच खा' असं बजावलंस, म्हणून मुद्दाम पाद्र्यांच्या बायकोलाही दिला.

काल चर्चमध्ये आपल्या पूर्वज मार्गारेटच्या थडग्यापाशी बसले होते. तिच्या बहिणीचं, फिलिपाचं, पार दुसऱ्या टोकाला. बाबा सांगायचे ते आठवलं. राजाने आपल्या ॲलन पूर्वजाला दरबारात बोलावलं, तेव्हापासून स्केल्डेलचं उमरावपद आपल्या घरात आलं. मुलगा नसला तर ते सगळ्या मुलींचं सारखंच, म्हणून कुणाचंच नाही. राजा एकीला देईपर्यंत, किंवा एकच वंश उरेपर्यंत, पदवी झोपून राहते. या दोघी बिनभावाच्या, तिच्यापायी जन्मभर भांडल्या. फिलिपाचा वंश संपला तेव्हा कुठे, दीडशे वर्षांनी, ती आपल्या शाखेत जागी झाली.

आणि मग बाबांनंतर आपण दोघी, पुन्हा भाऊ नाहीच. बाबांना पुरून आलो, अजून टोप्याही काढल्या नव्हत्या, तर तुझा लॅम्बर्ट म्हणाला, "रोझ, हेस्टरला ना नवरा, ना मूल. तूच राजाकडे अर्ज कर. पुढे आपल्या इसोबेलला मिळेल." तू हॅम कापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हेस्टरला धाकटी करून मला मोठं नाही व्हायचं. पुन्हा हा विषय काढलास तर उपाशी झोपशील." हॅम मात्र दोनदा घेतला त्याने.

बाबांच्या आजारपणात माझं तारुण्य गेलं होतं, घरही विकायला निघालं होतं. 'थोरली' एवढंच माझ्याजवळ उरलं होतं. मी बोलले नाही, तरी तुला कळलं. त्यानंतर दर नाताळला तू मला टेबलाच्या वरच्या, मानाच्या टोकाला बसवलंस, तेही तुझ्याच घरात. लॅम्बर्टच्या बहिणी नाकं मुरडायच्या आणि तू निवांतपणे त्यांना बटाटे वाढायचीस. रोझ, माझं आयुष्य एकटीचं झालं नाही ते तुझ्यामुळे.

आता ऐक, आणि रडू नकोस. डॉक्टर फेनविक म्हणाले, "मिस हेस्टर, वसंत काही दिसायचा नाही." मी गेले की अर्ज नको, विनवणी नको, तू एकटीच उरशील आणि पदवी आपोआप तुझ्याकडे येईल. तुला मी ओळखते. मी गेल्याच्या दुःखात तू तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीस. म्हणून हे लिहितेय. घे ती. तू माझं काही काढून घेत नाहीयेस, मी देतेय. आपल्या घराण्यात बहिणीने बहिणीला ती हौसेने दिल्याचं हे पहिलंच. तेवढा आनंद मला मिळू दे.

तुझीच, अजून तरी थोरली,
हेस्टर