आगबंदीच्या दिवशी रोलीला पोचवलं त्याची हकिगत

प्रिय थेल्माताई,

धाकट्या अर्नीचा वाकून नमस्कार (कंबरेला परवडेल तितकंच वाकून). तुझ्या खुब्याचं हाड जुळत आलं असेल आणि तिकडे टास्मानियात संध्याकाळी पांघरूण घ्यावंसं वाटत असेल, असं समजतो. इकडे मॅलीच्या कोरड्या गहूपट्ट्यात एक रोली सोडला तर आम्ही सगळे जिवंत आहोत. गव्हाची कापणी उरकली, टाकीचा तळ दिसायला लागला, आणि उत्तरेचा वारा असा तापलेला की कोंबड्यासुद्धा आपसात बोलत नाहीत.

फोनवर तू एकच गोष्ट विचारलीस, की तुझ्या नावाने रोलीच्या पेटीवर मूठभर माती टाकली का. तेवढ्यात लाइन खराब झाली (असं मी म्हणालो) आणि सविस्तर लिहितो असं सांगून फोन ठेवला. मुठीचं सांगतोच, पण आधीचं सगळं कळल्याशिवाय ते तुझ्या ध्यानात यायचं नाही.

अंत्यविधीच्या दिवशी सकाळीच रेडिओवर संपूर्ण आगबंदी जाहीर झाली, म्हणजे उघड्यावर ठिणगीसुद्धा पाडायची नाही. आपल्या भावाने गावच्या अग्निशमन पथकाची कप्तानी करण्यात जन्म घालवला, हे तुला मी काय सांगणार. माझ्या लग्नातली शेकोटी आठवते ना? त्याने तिच्यावर बादली ओतली, नवरीचे बूट भिजले, तर म्हणतो, ‘बूट वाळतात, गाव जळलं तर पुन्हा बांधावं लागतं.’ अशा माणसाने नेमकं बंदीच्या दिवशी पुरून घ्यावं, यात मला त्याचाच हात दिसतो.

त्याची शेवटची इच्छा होती की पेटी त्याच्या जुन्या ट्रॅक्टरवरून, आपल्याच शेताच्या धसकटांतून न्यावी. मी ट्रॅक्टर धुतला, पुसला, पुढे फुलंही बांधली (दहा मिनिटांत त्यांचा पाचोळा झाला). एवढ्यात ग्लेनिस आली. ही पथकाची नवी कप्तान, रोलीच्याच हाताखाली तयार झालेली. तिने धुराड्यात डोकावून विचारलं, “ठिणगी अडवायची जाळी कुठंय?” जाळी त्या ट्रॅक्टरला कधीच नव्हती. “मग हा धसकटांत शिरणार नाही, अर्नीकाका.” मी म्हणालो, “अगं, ज्याने तुला हे शिकवलं तोच वर आडवा झालाय.” “म्हणून तर,” असं म्हणून ती तोंड फिरवून डोळे पुसायला लागली. शेवटी शेजारच्या कॉलिनच्या गाडीतून, डांबरी रस्त्याने रोली गेला. गाडीत कॉलिनचा कुत्राही होता, तो काही केल्या उतरेना.

याच कॉलिनने नांगराचे जुने फाळ जोडून क्रूस करायला घेतला होता. बंदीत उघड्यावर वेल्डिंग चालत नाही, म्हणून त्याने ते तारेने बांधले. आडवा फाळ वाऱ्याने फिरतो. आपला भाऊ कुठल्या दिशेला गेला हे लोकांना दर झुळुकीला वेगळं कळतं.

आता जेवणाचं. सॉसेज भाजल्याशिवाय आपल्या गावात कुणी मेलेलं मान्य होत नाही. रोलीने पिंप कापून केलेली लाकडाची शेगडी अर्थातच बंद. गॅसची चालते, पण तिच्या भोवती तीन मीटर काही पेटण्यासारखं नको, हाताशी पाण्याचा पाइप हवा आणि ती विझेपर्यंत एक कळता माणूस जवळ उभा हवा. कळता माणूस म्हणून मी पुढे झालो. गावाने शंका घेतली, हरकत घेतली नाही.

सभागृहामागे मी पाइप धरून उभा, आणि बाकी सगळे पेटीमागे दफनभूमीत. कॉलिन धावत बोलवायला आला, “चल रे, खाली सोडतायत त्याला.” मी म्हणालो, “शेगडी सोडून येता येत नाही, नियम आहे.” तो थोडा वेळ माझ्याकडे आणि शेगडीकडे बघत राहिला, मग परत गेला. तर ताई, मूठ राहिली ती अशी. माझा नाइलाज होता आणि रोलीलाही हे पटलं असतं.

जिवाला जप, काठी घेतल्याशिवाय अंगणात उतरू नकोस.

तुझा,
अर्नी

ता. क. सॉसेज बरी झाली होती. पाव कमी पडला. रोलीबद्दल सगळे चांगलंच बोलले, ज्यांच्या शेकोट्या त्याने विझवल्या तेसुद्धा.

ता. क. २ शेगडी तेव्हा पेटलेलीच नव्हती. लोक परतल्यावर मी गॅस सोडला. बोलवायला आला तेव्हा कॉलिनने थंड शेगडी बघितली होती, पण तो कुणाला बोलला नाही. रोलीला खाली जाताना मला बघवणार नव्हतं, ताई.

ता. क. ३ अजून मी दफनभूमीच्या फाटकाच्या आत गेलेलो नाही. रोज निघतो आणि वाटेत काहीतरी काम निघतं. खुबा बरा झाला की तू ये. माती आता दबली असेल, पण मूठ वरूनही टाकता येते, आणि आपल्या दोघांच्या राहिल्यात. फक्त ऐन थंडीत, पाऊस पडून गेल्यावर ये. तेव्हा बंदी नसते, मला पाइप धरून उभं राहता येणार नाही.