खाली कुणी तक्रार करत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज तपासणीत तिघांना नापास केलं. एकाचा कान, एकीचा दमा आणि एक गृहस्थ सर्दीने इतके गच्च भरलेले की शिंकले तेव्हा टेबलावरचे कागद उडाले. वर मलाच समजावतात — "डॉक्टर, पाण्यात गेलं की नाक आपोआप धुऊन निघेल." नाक धुऊन निघायच्या आधी कानाचा पडदा फाटेल हो! सर्दीत कान मोकळे होत नाहीत, पाण्याचा दाब मात्र वाढत जातो. पण ऐकतंय कोण.

पाणघोडा भडकला. (पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात उतरायला शिकवणाऱ्या स्कूबाच्या शाळेचा मुख्य शिक्षक. जमिनीवर आडवातिडवा, पाण्यात लोण्यासारखा. हे नाव फक्त या वहीत, तोंडावर आपलं 'सर'.) म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही माझी शाळा बंद पाडणार! रक्तात बुडबुडे होतात, फुप्फुस फाटतं... लोक मासे बघायला येतात हो, तुमच्या भाषणानंतर थेट घरी जाऊन मृत्युपत्र करतात. तुम्ही स्वतः कधी गुडघाभर पाण्यात तरी उतरलात?"

नाही उतरले. इतकी वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या छात्या ऐकतेय, पाण्याखाली माणसाचं काय काय बिघडतं यावर तासभर बोलतेय — आणि स्वतः शॉवरखालीसुद्धा डोळे घट्ट मिटते. मग रागाच्या भरात बोलून गेले, "घाला माझं नाव पुढच्या तुकडीत!"

घरी येईपर्यंत राग उतरला. नाव मात्र घातलं गेलंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

घरी सांगितलं. नवरा लिफ्ट बसवायचं काम करतो. म्हणाला, "मी रोज वर-खाली करतो, मला कुठे काय झालंय?" याच्याशी लग्न मी स्वतःहून केलं.

सासूबाई पलंगावर होत्या. बुधवार म्हणजे पाठ. सोमवार-मंगळवार गुडघे, गुरुवारी डोकं, शुक्रवारी दम लागतो आणि शनिवार-रविवार 'आतून कसंतरी'. आधी आधी मी मन लावून तपासायचे. आता "हो आई, गोळी घ्या" म्हणते आणि स्वयंपाकघरात शिरते. दिवसभर परक्यांची दुखणी ऐकायची, आणि दार उघडून आत पाऊल टाकलं की — "आज काय सांगू तुला!"

माझं ऐकून त्या उठून बसल्या (पाठ!) आणि विचारलं, "आणि तुला काही झालं म्हणजे मला कोण बघणार?"

काळजी कुणाची, तर ही अशी!

१६ फेब्रुवारी, रविवार

पोहण्याच्या तलावात सराव. नाक चिमटीत धरायचं, हळूच फुंकर मारायची, कान मोकळे करायचे — आणि हे कान दुखायच्या आधी. माझ्या भाषणात हे वाक्य मी बोट उंचावून म्हणते. आज बोट उंचावण्यात दंग होते की काय कोण जाणे, दुखल्यावरच आठवलं. कानात दाभण घातल्यासारखं झालं!

वर आले तर पाणघोडा अगदी गोड आवाजात, "डॉक्टर, याबद्दल एक फार छान भाषण असतं आमच्याकडे. ऐका एकदा."

२ मार्च, रविवार

समुद्र!!

लिहिता येत नाही. म्हणजे हात चालतोय, पण काय लिहू? निळं होतं म्हणू? निळं तर बादलीचं प्लास्टिकही असतं. श्वास सोडला की बुडबुडे कानाजवळून गुडगुडत वर जातात, आणि तेवढाच आवाज. एक पिवळा मासा माझ्या काचेसमोर येऊन थांबला आणि मला तपासून निघून गेला.

आणि मुख्य गोष्ट — खाली कुणी तक्रार करत नाही! प्रत्येकाच्या तोंडात नळी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माणसांमध्ये होते आणि कुणीही मला कुठे दुखतंय ते सांगत नव्हतं. मला रडू आलं. मास्कमध्ये रडलं की काचेवर वाफ धरते हे नवीनच कळलं.

वर आल्यावर बोटीवर नेहमीचा कार्यक्रम झाला. हा नियम माझाच. पाण्यातून आलेल्या प्रत्येकाने टाकी उतरवायच्या आधी पाणघोड्यासमोर उभं राहून एक तरी दुखणं सांगायचं. 'काही नाही' चालत नाही. बुडबुड्यांच्या आजारात माणूस आधी नाकारतो, म्हणून ही युक्ती मी काढली. कुणी म्हणालं पायात गोळा आला, कुणी म्हणालं दात शिवशिवतोय. माझी पाळी आली तर खरंच काही दुखत नव्हतं. "पोटात आनंद मावत नाहीये," म्हटलं. पाणघोड्याने ते लिहून घेतलं!

पुढच्या रविवारी जरा खोल. आणि त्याच्या पुढच्या — बुडालेलं जहाज. जहाज बघितल्याशिवाय मी काही मरत नाही.

९ मार्च, रविवार

आज दोनदा उतरलो. दुसऱ्या वेळी कासव दिसलं. मोठं, म्हातारं, कुणाची पर्वा नसलेलं. मी जरा त्याच्या मागे गेले. जरा म्हणजे जरा जास्तच. मनगटावरचं यंत्र किंचाळायला लागलं तेव्हा खोली बघितली आणि घाबरून वर आले, शोभेल त्याहून थोडी लवकर. रक्तात बुडबुडे होऊ नयेत म्हणून वर येताना मधे थांबायचं असतं, तिथे थांबले. बहुतेक पुरेशी थांबले.

बोटीवर डाव्या हाताला बारीक मुंग्या येत होत्या. ओल्या सूटची बाही घट्ट आहे. पाणघोडा दुखणं सांगा म्हणाला, तेव्हा मी सांगितलं, "नाक खाजतंय." खरंच खाजत होतं!

मुंग्या सांगितल्या असत्या तर जहाज गेलं. हाताला मुंग्या आल्या तर थेट दाबाच्या खोलीत (तिथे पुन्हा दाब चढवून रक्तातले बुडबुडे विरघळवतात), नंतर महिनाभर पाणी बंद, हाही नियम माझाच. आणि तो नियम आजारी माणसांसाठी आहे, घट्ट बाहीसाठी नाही.

१० मार्च, सोमवार

खांदा धरलाय. काल टाकी उचलली, पन्नाशीला आलेल्या बाईचा खांदा धरणारच. पोटावर जाळीसारखे लालसर-निळसर चट्टे आहेत. सूट नवीन आहे, घासला असेल. थकवा फार. सोमवार आहे.

संध्याकाळी सासूबाईंचे गुडघे. "हो आई, गोळी घ्या."

११ मार्च, मंगळवार, दुपार

नव्या तुकडीला भाषण दिलं. आज फार रंगलं! "पहिलं लक्षण कोणतं? मुंग्या नाहीत, खांदा नाही. पहिलं लक्षण म्हणजे 'मला काही झालेलं नाही' हे वाक्य! माणूस म्हणतो टाकी उचलली, माणूस म्हणतो सूट घट्ट होता..." सगळे हसले. मी खांदा चोळत चोळत तासभर बोलले. मागे बसलेला पाणघोडा तेवढा हसला नाही. माझ्या हाताकडे बघत होता.

माझं वेगळं आहे. मी डॉक्टर आहे, मला फरक कळतो.

१२ मार्च, बुधवार

उजव्या हाताने लिहितेय म्हणून लिहिता येतंय. क्रमाने सांगते.

काल संध्याकाळी चहा घेत बसले होते. सासूबाई गुडघ्यांबद्दल बोलत होत्या आणि बोलता बोलता मधेच थांबल्या. त्या कधी मधे थांबत नाहीत.

"तुला काय होतंय?"

"काही नाही, आई."

"कप दोन्ही हातांनी का धरलायस?"

"गरम आहे."

"कपाचा कान धर की मग. अगं, कुणाला शिकवतेस? दुखण्यात आयुष्य गेलं माझं. माझा गुडघा दुखतो तेव्हा पलीकडच्या इमारतीतल्या बाईलाही माहीत असतं. तू कालपासून गप्प आहेस, हात पोटाशी धरून हिंडतेयस आणि मघाशी बटण लावता येईना म्हणून स्वेटर घातलास. एवढ्या उकाड्यात! हे दुखणं साधं नाही."

मी म्हटलं, "आई, डॉक्टर मी आहे."

"असशील. पेशंटही तूच आहेस."

आणि त्या उठल्या. मंगळवार असून, गुडघे असून, तरातरा फोनपर्यंत गेल्या. पाणघोड्याचा नंबर त्यांच्याकडे कसा, हे मला अजून कळलेलं नाही. "अहो सर, आमची सून लपवतेय," इथून सुरुवात. हात, खांदा, चट्टे सगळं सांगितलं (चट्टे यांनी कधी बघितले?), आणि जाता जाता स्वतःच्या पाठीचंही सांगून घेतलं. पाणघोडा दहा मिनिटांत गाडी घेऊन दारात हजर. वाटेत ऑक्सिजन लावला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दाबाच्या खोलीच्या डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघणाऱ्या.

"कधीपासून होतंय?"

"रविवारपासून."

"आज मंगळवार. आधी का नाही आलात? तुम्ही काय काम करता?"

मी छताकडे बघितलं. मागून सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर आहे ती."

खोली कसली, आडवा पाडलेला बंब आहे. दार लागलं, दाब चढला, तोंडावर ऑक्सिजन. पुन्हा नाक धरून फुंकर, यावेळी दुखायच्या आधी! मग नुसतं पडून राहायचं. भिंतीला एक गोल काच आहे, आणि त्या काचेत सासूबाई. खुर्ची ओढून बसलेल्या, घरी जा म्हटलं तरी न गेलेल्या. त्यांचं तोंड सारखं हलत होतं. आवाज आत येत नव्हता. त्या काय सांगत होत्या मला आयुष्यात कळणार नाही, पण मी त्यांच्याकडे बघत राहिले. एवढा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे मी कधी बघितलेलंच नाही. मला भीती वाटत होती, हात कायमचा गेला तर, आणि त्या हलणाऱ्या तोंडामुळे ती जरा कमी वाटत होती.

मुंग्या गेल्या. खांद्याला अजून दोनदा आत जावं लागेल म्हणतात. नवरा बाहेर घाबरून पांढराफटक. "मी लिफ्टचं गमतीत म्हटलं होतं गं," एवढंच पुन्हा पुन्हा.

१९ मार्च, बुधवार

हात ठीक आहे. बटणं लावते.

पण हृदयाची तपासणी झाली. दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्यात छिद्र आहे. जन्मापासूनचं. रोजच्या जगण्यात त्याचा काडीचा त्रास नाही, बऱ्याच लोकांना असतं आणि मरेपर्यंत कळत नाही. पाण्याखाली मात्र बुडबुडे फुप्फुसात गाळले जायच्या ऐवजी तिथून पलीकडे निसटतात. म्हणून माझं एवढं बिघडलं. चष्म्यावरून बघणाऱ्या बाईंनी आज चष्मा काढून सांगितलं, "स्कूबा आता नाही. छिद्र बुजवता येतं, पण नुसत्या हौशीसाठी तुमच्या हृदयाला हात लावा, असं मी कुणाला सांगणार नाही."

मी त्यांच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं. शब्दसुद्धा हेच.

घरी येऊन रडले. मोठ्याने, लहान पोरीसारखी. सासूबाई आल्या, शेजारी बसल्या, "काय होतं गं एवढं तिथे?" म्हणाल्या. मी कासवाचं सांगायला लागले आणि मला सांगता येईना. हाताने करून दाखवलं. पिवळा मासाही केला. त्या बघत राहिल्या. पाठीचं नाव नाही काढलं!

२३ मार्च, रविवार

तुकडी आज जहाज बघून आली. गेल्या रविवारी वाऱ्यामुळे जायचं रद्द झालं होतं. मुंग्या त्याच दिवशी सांगितल्या असत्या तरी महिनाभर पाणी बंदच, म्हणजे आज माझी जागा घरातच होती. पाणघोड्याने फोन केला. "कसं होतं?" विचारलं. "गंजलेलं," म्हणाला. माझ्यासाठी खोटं बोलला. भला माणूस आहे. मला त्याचं नाव बदलायला हवं.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज शाळेच्या मागच्या खोलीत शेवटचा नंबर सासूबाईंचा. रांगेत बसून आल्या.

"दमा?" "नाही." "पाठ?" "छे." "गुडघे?" "कुणाचे?"

आज गोळी सांगून सोडलं नाही. छाती, कान, रक्तदाब, चालणं, सगळं मन लावून तपासलं. फुप्फुसं माझ्यापेक्षा चांगली आहेत. हे असं बिनदुखण्याचं शरीर घेऊन या इतकी वर्षं पलंगावर काय करत होत्या, म्हणून चिडून विचारलं, "आई, आणि आता हे पाण्यात उतरायचं कशासाठी?"

म्हणाल्या, "तुला आता जाता येणार नाही ना? मी बघून येते आणि तुला सांगते. तू फक्त बसून ऐकायचं."

मी दाखल्यावर सही केली.