दुपारचा थरारपट

२ फेब्रुवारी, रविवार

आले बाई एकदाची! बहिणीच्या घरी सोफ्यावर पाय मुडपून झोपायचे दिवस संपले. इथे मला स्वतःची खोली आहे, वरच्या मजल्यावर, रस्त्याकडे खिडकी असलेली. पलंग कुरकुरतो, कपाटाचं दार जरा उचलून धरल्याशिवाय लागत नाही. पण मी काही तक्रार करणार नाही. आल्या आल्या पडदे झटकले, कपडे लावले आणि उगाचच खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

कामही असं, की ऐकणाऱ्याला थट्टाच वाटावी. रोज दुपारी आजोबांजवळ बसून थरारपट बघायचे. आजोबा म्हणजे या घरच्या माईंचे वडील. झटका आल्यापासून अंग लुळं पडलंय, वाचा गेलीय. फक्त डोळे हलतात. त्यांचं खाणंपिणं, औषधं, अंघोळ सगळं माई बघतात. मी फक्त सिनेमा लावायचा आणि सोबत बसायचं.

माझं सिनेमे भाड्याने द्यायचं दुकान बंद पडल्यापासून माझ्या मताला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. एके काळी लोक शनिवारी काउंटरवर कोपरं टेकून म्हणायचे, उद्या घरीच आहोत, काहीतरी दे, पण अंगावर काटा आला पाहिजे. माणसाचं तोंड बघून मी डबी काढून द्यायचे. मुलाखतीत माईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी मात्र एकच गोष्ट विचारली, इतके सिनेमे बघून तुला अजून भीती वाटते का? मी हसले. खरं तेच सांगितलं, की माझं काळीज उंदराचं आहे. पुढे काय होणार ते पाठ असलं तरी उशी तोंडावर घेते आणि बोटांच्या फटीतून बघते. त्या म्हणाल्या, मग उद्याच ये.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला सिनेमा झाला. एका बाईला लॉन्ड्रीतून रोज कुणा परक्याचा शर्ट घरी येतो आणि दर वेळी त्या शर्टाचा माणूस थोडा जवळ आलेला असतो. घरी बघायला एकदम झकास. रक्त नाही, आरडाओरडा नाही, संगीतवाला गप्प बसतो. ज्या सिनेमात संगीत आधीपासूनच बोंबलायला लागतं, तिथे समजावं की दिग्दर्शकाला स्वतःलाच भीती वाटत नाहीये. शेवट मात्र फसलाय. एक पोलीस उभा राहून सगळं समजावून सांगतो. अरे, आम्ही काय बालवाडीत आहोत?

पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. आजोबांची खुर्ची टीव्हीकडे नाही, माझ्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलेली होती. मी ती सरळ केली. माईंनी येऊन पुन्हा होती तशी फिरवली. म्हणाल्या, त्यांची मान अवघडते, असंच बरं पडतं. असेल बाबा. पडदे ओढले, कोपऱ्यातला दिवा ठेवला आणि बसलो दोघं. आजोबांचे डोळे फार तरतरीत आहेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काय झालं! बर्फात अडकलेल्या बसचा सिनेमा होता. मागच्या सीटवरचा माणूस कधीच उतरलेला नसतो, हे ड्रायव्हरला आरशात दिसतं, तिथे मी अशी किंचाळले की हातातला चहा मांडीवर सांडला. आणि आजोबांचं बोट हललं. उजव्या हाताचं पहिलं बोट. मी माईंना हाका मारल्या, त्या धावत आल्या आणि त्यांच्यादेखत ते पुन्हा हललं. माई ढसाढसा रडल्या. मला मिठी मारून म्हणाल्या, तुझ्या पायगुणाने झालं. मलाही रडू आलं. दुकान गेलं तेव्हापासून आपला कुणाला उपयोग आहे, असं वाटलंच नव्हतं.

बहिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ताई, आता डॉक्टरकीची पाटी लाव.

११ फेब्रुवारी, मंगळवार

माई रोज स्वयंपाकघरात बसवून माझं मत घेतात. तुला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते, पाठलागाची, की बंद खोलीची, की घरातलाच माणूस उलटतो त्याची? मी काय, विषय निघाला की सुटलेच. सांगितलं, की पाठलाग थिएटरात बघावा, तिथे शेजारी माणसं असतात. घरी बघायचा तर घरातलाच सिनेमा बघावा. भाजी चिरणारी बायको, नीट वागणारा नवरा, आणि काहीतरी किंचित चुकतंय. मध्येच उठून कुकर बंद करून येता आलं तर तो थरारपट नव्हेच. माई मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी स्वतःच तसे सिनेमे शोधून ठेवले.

आजोबांचा आता सगळा पंजा मिटतो.

मागच्या खोलीत माईंची मावसबहीण असते, अंथरुणाला खिळलेली. आज दार अर्धवट उघडं होतं म्हणून दिसली. मला वाटलं होतं म्हातारी असेल. माझ्याच वयाची आहे. मी म्हटलं, तिलाही बाहेर आणू या का, सिनेमा बघेल. माई म्हणाल्या, तिला आता त्यात काही वाटत नाही. आणि दार ओढून घेतलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दमल्यासारखं होतंय. सकाळी उठल्यावर बोटांना मुंग्या आल्या होत्या. वेणी घालताना केस हातातून निसटत होते. दुपारी पेला पडला. हातात धरलेला होता, तरीही पडला. माईंनी मला सूप दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि आराम कर म्हणाल्या. सिनेमाच्या वेळेला मात्र खाली बोलावलं.

आजोबांनी आज हात खांद्यापर्यंत उचलला. कौतुक करायला हवं होतं. मी केलंही. पण माझ्या लक्षात आलं, की ते पडद्याकडे बघतच नाहीत. आत्तापर्यंत मला वाटायचं, तिरपे बघत असतील. आज मी सिनेमा सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. त्यांची नजर माझ्या तोंडावर होती. मी दचकते त्याच्या जरासं आधी ते पुढे होतात. ताटात काय येतंय ते बघणाऱ्या माणसासारखे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मुद्दाम विनोदी सिनेमा लावला. दोन भाऊ एकाच मुलीला मागणी घालायला जातात, असलं काहीतरी बाष्कळ. मी मोकळेपणी हसले, किती दिवसांनी! हाताला जरा जोरही आल्यासारखा वाटला. आजोबांची मात्र मान कलली, ओठ राखेसारखे झाले. माई आत आल्या. ओरडल्या नाहीत. रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि त्यांनी शोधून ठेवलेल्यांपैकी एक लावला. एक बाई आपल्याच घरात हळूहळू परकी होत जाते. मी डोळे मिटून घेतले. माईंनी आवाज वाढवला.

कान कसे मिटणार?

२० फेब्रुवारी, गुरुवार

सिनेमा संपला. पडदे उघडायला उठले तर मागून आवाज आला. घोगरा, जड, पण स्पष्ट. आजोबा बोलले.

म्हणाले, "अजून."

माई दारात उभ्या होत्या. त्यांनी देवाचे आभार मानले. मी भिंतीला धरून वर आले.

२३ फेब्रुवारी, रविवार

जायचं ठरवलं. बॅग भरली आणि जिन्यावर उजवा पाय माझा राहिलाच नाही. खालच्या पायरीवर बसून राहिले, उठता येईना. माईंनी डॉक्टर बोलावला. अशक्तपणा आहे, म्हणाला, फार विचार करू नका. माझा फोन आणून द्या म्हटलं, तर माई म्हणाल्या, बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय.

त्या डॉक्टरला पोचवायला फाटकापर्यंत गेल्या तेवढ्यात मी सरपटत मागच्या खोलीत गेले. तिने डोळे उघडले. ओठ जेमतेम हलतात, कान अगदी जवळ न्यावा लागला. तिने विचारलं, आज कुठला होता? मी सांगितलं. ती म्हणाली, तो मीही बघितलाय. मी म्हटलं, तुम्ही माईंची बहीण ना? ती म्हणाली, कसली बहीण. मीही सिनेमे लावायलाच आले होते.

मग श्वास गोळा करून एवढंच म्हणाली, की घाबरू नकोस. त्यांच्यासमोर घाबरू नकोस, त्यांना तेच लागतं. मी विचारलं, तुला जमलं का? तिने नजर स्वतःच्या निश्चल हातांकडे वळवली.

फाटक वाजलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बहीण आली होती! फोन लागत नाही म्हणून काळजीने आली. मला वाटलं, सुटले.

माईंनी तिला सगळं घर दाखवलं. माझी स्वच्छ चादर, औषधं, फळं. आजोबा खुर्चीत बसून तिच्याशी बोलले, मुलगी आहे हो ती आमची, म्हणाले. बहिणीचे डोळे भरून आले. मी तिचा हात घट्ट धरायला गेले, बोटं वळेनात. जीभ जड झालीय, तरी सांगितलं, सगळं सांगितलं. खुर्ची, डोळे, मागची बाई. माझ्या स्वतःच्या कानाला ते माझ्याच दुकानातल्या एखाद्या सिनेमाची गोष्ट सांगितल्यासारखं लागत होतं.

ती माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, ताई, बघून बघून डोक्यात शिरलंय तुझ्या. इतकं कुणी सख्ख्यांचंही करत नाही गं. माझ्याकडे आलीस तर तुला उचलणार कोण, मी दिवसभर कामाला. बरी झालीस की येते न्यायला.

मागची बाई दाखव, म्हटलं. माईंनी दार उघडून दाखवली. ती झोपेत होती. झोपेत असल्यासारखी होती. बिचारी, म्हणाली बहीण.

खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर वळताना तिने हात हलवला. मी हलवू शकले नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आता मला उचलून खाली नेतात. माई आणि — आजोबा. दुसऱ्या बाजूने आजोबा धरतात. हात गरम आहेत त्यांचे.

टीव्ही लावलाच नाही आज. दोन खुर्च्या. ते आणि मी. त्यांना लागत नाही आता सिनेमा.

नंतर माई तोंड पुसायला आल्या. म्हणाल्या, माझे वडील आहेत गं, त्यांना तसं पडलेलं बघवत नव्हतं, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. त्या थांबल्याही होत्या ऐकायला. आवाज —

१ मार्च

ते चालताहेत. अंगणात. खिडकीतून दिसतात. शेजारीपाजारी थांबून अभिनंदन करतात. कुणीतरी वर बघितलं. मी तोंड उघडलं. त्याने हसून मान डोलावली आणि गेला.

माई कुणाला तरी फाटकाशी सांगत होत्या. वर माझी मावसबहीण असते —

३ मार्च

डावा हात. पेन्सिल. अक्षर कसं येतंय दिसत नाही, पांघरुणाखाली लिहितेय.

भर दुपार. ऊन आहे. खाली कुणीतरी गाडी धुतंय, पाण्याचा आवाज येतोय. माणसं आहेत. इतकी जवळ.

जिन्यावर पावलं. माईंची नाहीत. माई भरभर येतात. ही सावकाश —

दार उघडलं. खुर्ची ओढली पलंगाशी. बसले.

काही करत नाहीत. हात लावत नाहीत. नुसते बघताहेत. मला काय वाटतं ते.

दुसरं आठवायचं. काहीही. बहीण लहान असताना तिला पोहायला शिकवलं होतं. पोटाखाली हात धरून. सोडू नकोस ताई, म्हणायची. पाणी थंड, तिचे पाय सपसप — हो, तेच. तेच धरून ठेवायचं. ते पुढे झुकले. हरकत नाही. पाणी. तिचे पाय. मला काही वाटत नाही. श्वास नीट चाललाय. आत. बाहेर. ते हसले. आता त्यांनी पांघरुणाचं टोक — नाही. वाटत नाही मला. काहीच वाटत नाही. मी घाबर