या महिन्याची चिठ्ठी पिवळी

आदरणीय मोठ्या जाऊबाईंना,

धाकट्या जावेचा नमस्कार. भाऊजींनाही सांगा, म्हणजे ते वर्तमानपत्रातून मान वर न करता ‘हं’ म्हणतील आणि तो मला पोचला असं मी समजेन. तुमचे गुडघे कसे आहेत? झोप लागते का? तुमचा धाकटा वेळेवर जेवतो की अजून ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून भाजीचे डाग पाडतो? आमच्याकडे सगळे बरे आहोत. ह्यांचं पित्त ठरल्यासारखं येतं नि जातं, माझा उजवा खांदा इस्त्रीने धरला आहे आणि आमची भिंगरी तुम्ही पाहिली होती त्यापेक्षा उंच झाली आहे, उद्धटही तेवढीच झाली आहे. काम असल्याशिवाय ही बाई पत्र लिहीत नाही, असं तुम्ही एकदा माझ्याबद्दल सासूबाईंना सांगितलं होतं (त्यांनी ते त्याच संध्याकाळी मला सांगितलं, मी बोललेलंही तुम्हाला असंच पोचवत असणार). म्हणून मुद्दाम कळवते की हे पत्र अगदी बिनकामाचं आहे. तुम्ही गाव सोडल्यापासून मला पोट धरून हसायला माणूस उरलेलं नाही, आणि तुम्ही तर हसणंच सोडलंय असं भाऊजींकडून कळलं. तेव्हा जरा हसवावं, एवढाच हेतू.

तर बातमी अशी की भिंगरीला नर्सिंगला जागा मिळाली. मिळाली म्हणजे यादीत नाव आलं. फी पाहून ह्यांनी कागद उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला काही कमी लिहिलंय का म्हणून. मग कोणीतरी सांगितलं की आपल्यासारख्या अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी सरकारची शिष्यवृत्ती आहे (हे आपल्याला ठाऊकच होतं, तुमच्या दोघा मुलांना मिळतच होती, पण ह्यांना कोणी बाहेरच्याने सांगितल्याशिवाय पटत नाही). कॉलेजच्या बाई भल्या आहेत, महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या. तोवर शिष्यवृत्तीच्या मंजुरीचा कागद नाही आला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. ती मुलगी आम्हाला कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटली. तिनेही कागदांची पिशवी छातीशी धरली होती, आणि आम्ही दोघी मायलेकी तिच्याकडे पाहून हसलो तरी ती हसली नाही. तिच्या जागी मीही हसले नसते.

पहिली अट अशी की आपण अल्पसंख्याक आहोत हे सिद्ध करा. जाऊबाई, तुम्हाला आठवतं ना, आपण दोघी खोली शोधत फिरायचो तेव्हा कोणी दाखला मागितला होता? नुसतं आडनाव सांगितलं की घरमालकाला त्याच क्षणी आठवायचं, खोली कालच दिली. नळावर, शाळेत, दवाखान्याच्या रांगेत सगळ्यांना आपण कोण ते पाठ आहे. एका सरकारला तेवढं माहीत नाही. त्यासाठी आपल्या लोकांच्या कमिटीचा दाखला लागतो, आणि कमिटीचे चिटणीस म्हणजे तो कुलूपवाला. त्याने मला दुकानासमोर उभं केलं आणि विचारलं की प्रार्थनेला किती दिवसांत दिसला नाहीत. मी म्हटलं, सुट्टी मिळत नाही. मग गृहस्थ म्हणतो, निदान प्रार्थना तरी येते का, म्हणून दाखवा. भर बाजारात, एका हातात भाजीची पिशवी, मी सुरुवात केली आणि मधल्या ओळीला अडकले. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्यालाही ती ओळ येत नव्हती. आम्ही दोघं तसेच उभे, जणू ओळ रस्त्याने चालत येणार आहे. शेवटी भिंगरीने ती सांगितली, त्याने मान डोलावली आणि दाखला लिहिला. शिक्क्याची गादी वाळली होती म्हणून त्यावर पाणी टाकलं, ते जास्त झालं, आणि कागदावर आपल्या सगळ्या समाजाचा एक निळा डाग उमटला. कार्यालयाने तो नाकारला. दुसऱ्या दाखल्याच्या वेळी त्याने प्रार्थना म्हणायला लावली नाही, एवढी मेहेरबानी केली.

मग उत्पन्नाचा दाखला. तुम्हाला आमच्या लाँड्रीचे मालक ठाऊक नाहीत, म्हणून जरा सांगते. माणूस वाईट नाही, पण त्याला दानशूर दिसायची भारी हौस. माझा पगार कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा ‘सरकारी माणसं काय म्हणतील’ म्हणून त्याने तो दुप्पट लिहिला. त्या आकड्याने आम्ही शिष्यवृत्तीच्या मर्यादेबाहेर गेलो. जन्मात पहिल्यांदा श्रीमंत झाले, तेही नेमकं नको तेव्हा. खरा पगार लिहा म्हणून मी विनवलं तर म्हणतो, माझी अब्रू जाईल. मी म्हटलं, मग एवढा देत तरी चला. तेव्हा कुठे खरा आकडा लिहिला, आणि माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. त्या आठवड्यात मी एकटीनेच फडताळ लावलं. आमच्याकडे कपड्यांना टाचायच्या चिठ्ठीचा रंग दर महिन्याला बदलतो. लाल, निळी, पांढरी, पिवळी, हिरवी असं चालतं. तीन महिने जुना रंग दिसला की समजायचं कपड्याचा धनी काही येत नाही, आणि मालक तो कपडा जुन्या बाजारात विकून टाकतो. नियम चांगला आहे, नाहीतर लोकांच्या चादरी ठेवायला आम्हाला घरं बांधावी लागतील.

सगळे कागद जमल्यावर आम्ही शिष्यवृत्तीच्या कार्यालयात गेलो. जिन्यावर रांग, वर एक खोली, खोलीत तीन टेबलं आणि माणूस एकच. उरलेल्या दोन टेबलांवर आपल्यासारख्यांचे गठ्ठे, दोरीने बांधलेले. साहेब चष्मेवाले, आवाज इतका हळू की रांगेतला मागचा माणूस पुढच्याला विचारून उत्तर मागे पाठवत होता. त्यांनी आमच्या कुटुंबाच्या कार्डाचा नंबर संगणकात घातला. आता हे कार्ड म्हणजे आपल्या दोन्ही घरांचं मिळून एकच. भाऊजी आणि ह्यांनी भांडून भांडी वाटली, कपाट वाटलं, भिंतीवरच्या घड्याळावरून तर महिनाभर घर डोक्यावर घेतलं, पण कार्ड वेगळं करायला कार्यालयात जावं लागतं म्हणून ते तेवढं एकत्र राहिलं. सरकारच्या लेखी आपण अजून एकाच चुलीवर जेवतो. ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण साहेब म्हणाले, एका कुटुंबातल्या दोघांनाच शिष्यवृत्ती मिळते, आणि या कार्डावर दोघं आधीच आहेत. दोघं म्हणजे कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी म्हटलं, थोरला आता नाही. ते म्हणाले, शिक्षण सोडलं का? मी हो म्हटलं. मागे एवढी रांग होती, जाऊबाई, दुसरं काय म्हणणार.

मग आम्ही घरी आलो. वाटेत भिंगरीची चप्पल तुटली आणि ती एक पाय फरपटत घरापर्यंत आली. ह्यांनी विचारलं काय झालं, तर मी सांगितलं चप्पल तुटली. त्यांनी लगेच सुई-दोरा काढला आणि संध्याकाळभर ती शिवत बसले, जणू तेवढं झालं की सगळं ठीक होणार आहे. अशी आमची गंमत. गुडघ्यांना शेक देत जा. भाऊजींना आणि धाकट्याला आमचे आशीर्वाद (भाऊजी मोठे आहेत, त्यांना नमस्कारच).

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते परत उघडलं. कार्यालयातलं सगळं मी लिहिलेलं नाही. मी हो म्हटल्यावर साहेब म्हणाले, मग शिक्षण सोडल्याचा दाखला आणा. तेव्हा भिंगरी सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली, “सोडलं नाही. तो वारला.” साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि हळूच म्हणाले की त्याच्या मृत्यूचा दाखला आणा, सोबतच्या अर्जावर आईची किंवा वडिलांची सही असू द्या, मी त्याचं नाव त्याच दिवशी काढतो. संगणकात त्याच्या नावापुढे अजून ‘नूतनीकरण बाकी’ असं येतं. मला ठाऊक आहे तुम्ही तो दाखला काढलेला नाही. हॉस्पिटलची चिठ्ठी तुमच्या कपड्यांच्या पेटीत तळाशी आहे, आणि भाऊजींनी एकदा ती मागितली तर तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात, हेही मला ठाऊक आहे. तर काम ते हे आहे. हे पत्र बिनकामाचं नव्हतं, तुम्ही सासूबाईंना सांगितलं होतं ते बरोबरच होतं. मी हे मागते आहे ते भिंगरीला माहीत नाही. काकूकडे मागायचं नाही, वर्ष गेलं तरी चालेल, असं तिने मला बजावलं आहे. नर्सिंगचं वेड तिच्या डोक्यात त्याच्या तापानंतरच शिरलं. हॉस्टेलवर कोणाला वेळेवर कळलं असतं तर, हे एकच वाक्य ती अजून बोलत असते.

ता. क. दुसरं. सोडून द्यायला मी तुम्हाला एकटीलाच सांगते आहे असं समजू नका. हॉस्टेलला जाताना शेवटच्या वेळी त्याने त्याचा पांढरा, बारीक रेघांचा शर्ट लाँड्रीत टाकला होता. काकू, पुढच्या वेळी आलो की नेतो, म्हणाला. तो शर्ट अजून फडताळात आहे. दर महिन्याला मालक यायच्या आधी मी जुनी चिठ्ठी काढते आणि त्या महिन्याच्या रंगाची लावते. मालकाला वाटतं कोणीतरी आळशी गिऱ्हाईक आहे, दर महिन्याला तोच शर्ट मळवतं. आता तिथे पिवळी आहे. तुम्ही ज्या दिवशी दाखला काढायला जाल, त्या दिवशी मी ती काढीन आणि शर्ट घेऊन तुमच्याकडे येईन. एकटीने जाणार नाही म्हटलंत तर आधीच येते, दोघी मिळून जाऊ.

ता. क. शेवटचं. आणि नाहीच जमलं, तर मी रुसणार नाही. जागा त्या पायऱ्यांवरच्या मुलीला जाईल, तीही कोणाची तरी लेकच आहे. पुढच्या महिन्याची चिठ्ठी हिरवी. ती मी लावून ठेवीन.